मुखाचे मोल

वकिली व्यवसायात माणसाला अनेक वस्तूंच्या किमती लिहाव्या लागतात. शेत, माड, घर, दागिना, मोटार, बँकेतील ठेव, या प्रत्येकाचा भाव ठरविण्याची काही ना काही रीत आहे. आणि ती रीत एकदा अंगवळणी पडली की किंमत लिहिताना लेखणी अडखळत नाही. माझी लेखणी एका प्रसंगी अडखळावयास हवी होती. ती अडखळली नाही, आणि त्याची रुखरुख अद्याप मनाला लागून राहिली आहे. त्या रुखरुखीतूनच प्रस्तुत लेखाचा जन्म झाला आहे.

आमच्या गोव्यात वारसांची वाटणी इन्व्हेंटरीच्या कज्ज्याने होते. मृताच्या मालमत्तेची यादी कोर्टापुढे येते, प्रत्येक बाबीपुढे किंमत मांडली जाते, आणि एखाद्या वस्तूवर दोन वारसांचा डोळा असला तर वारसावारसांतच तिची बोली लागते. जो अधिक बोलतो त्याच्या पदरी ती वस्तू पडते आणि बोलीची रक्कम त्याच्या हिश्शात धरली जाते. अशा एका कज्ज्यात दोघे भाऊ व त्यांची वृद्ध आई असे पक्षकार होते. यादी मी तयार केली होती. तीत एक बाब अशी होती : ‘मृताचे तैलचित्र, सागवानी चौकटीसह, नग एक, किंमत रुपये ५००.’ खरे सांगावयाचे तर ते पाचशे रुपये त्या चौकटीचेच होते. चित्राचे काय धरावे हे न सुचल्यामुळे मी काहीच धरले नव्हते.

बोलीच्या दिवशी बागायतीचा प्रश्न अर्ध्या तासात मिटला, घराचा मिटला, आणि गाडे अडले ते त्या तैलचित्रापाशी. धाकट्याने हजार म्हटले, थोरल्याने पाच हजार. पाहता पाहता बोली सव्वा लाखावर गेली. दोघांचेही चेहरे लाल झालेले. शेवटी न्यायाधीशांनीच काम पुढच्या तारखेवर ठेवले. बाहेर व्हरांड्यात त्या माउलीने मला थांबविले आणि अगदी शांतपणे विचारले, “वकीलबाब, पहिल्या दिवशी तुम्ही ह्यांचे पाचशे लिहिलेत. आज सव्वा लाख झाले. एवढ्या दिवसांत हे स्वतः किती वाढले?”

प्रश्नाला उत्तर देणे हा वकिलाचा धर्म. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मनुष्याच्या मुखाची प्रतिमा ही वस्तू म्हणून नेमकी कोणत्या जातीची? तिची किंमत होऊ शकते काय, आणि झाली तर ती कशाची किंमत असते? या प्रश्नाचा पिच्छा पुरविताना मी युरोपच्या इतिहासाकडे वळलो. कारण पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील तिकडच्या राजदरबारांत व्यक्तिचित्रणाची कला जशी बहरली आणि त्या चित्रांचा बाजार पुढे जसा मांडला गेला, तसे अन्यत्र क्वचितच घडले असेल. मुखाच्या मोलाविषयीचा सगळा पुरावा जणू तेथे एकाच दप्तरात बांधून ठेवलेला आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की दरबारी व्यक्तिचित्र हे मुळात भिंत सजविण्यासाठी जन्मास आले नाही. ते कामाचे होते. फोटोग्राफी नव्हती, प्रवास खडतर होता, राजाला आपल्या भावी राणीचे मुख पाहावयाचे तर चित्रकारावाचून उपाय नव्हता. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची तिसरी राणी १५३७ मध्ये वारली, तेव्हा त्याने आपला दरबारी चित्रकार हान्स होल्बाइन याला ब्रुसेल्सला धाडले. मिलानच्या दिवंगत ड्यूकची सोळा वर्षांची विधवा, डेन्मार्कची राजकन्या क्रिस्तिना, तेथे राहत होती. १५३८ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस होल्बाइनला तिच्यासमोर अवघे तीन तास बसावयास मिळाले. तेवढ्यात त्याने जे रेखाटन केले त्यावरून पुढे पूर्णाकृती चित्र तयार झाले. काळी वैधव्यवस्त्रे, हातमोजे काढून हाती धरलेले, आणि काळ्या वस्त्रांमुळेच उठून दिसणारे दोन गोरे हात व एक मुख. एवढाच त्या चित्राचा ऐवज. विवाह जुळला नाही. परंतु ते चित्र हेन्रीने मरेपर्यंत आपल्यापाशी ठेवले.

पुढच्याच वर्षी, १५३९ मध्ये, होल्बाइनने क्लीव्हजच्या ॲनचे चित्र काढले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हे लग्न मात्र झाले, १५४० च्या जानेवारीत. आणि प्रत्यक्ष वधू हेन्रीच्या मनास न आल्यामुळे जुलैमध्ये ते रद्दही ठरले. हा विवाह जुळविणारा मंत्री टॉमस क्रॉमवेल त्याच महिन्याच्या अखेरीस वधस्तंभावर चढला. त्याच्या नाशास इतरही कारणे होती. तथापि हे एक होतेच. होल्बाइनवर मात्र कसलेही बालंट आले नाही. वकिलाच्या नजरेने पाहता चित्रकार हा येथे साक्षीदार होता. त्याची साक्ष खोटी ठरली असे कोणी म्हटले नाही. पण त्या साक्षीवर विसंबून ज्याने निर्णय घडवून आणला त्याचे शिर गेले. मुखाच्या प्रतिमेवर एवढा भार टाकलेला होता.

साक्ष सदैव खरीच असे असे मात्र नव्हे. मांतुआची मार्केझा इझाबेल्ला देस्ते ही कलेची मोठी जाणकार म्हणून ख्यातनाम. तिचा जन्म १४७४ चा. १५३४ ते १५३६ च्या सुमारास, म्हणजे वयाची साठी गाठल्यावर, तिने व्हेनिसच्या तितियानकडून आपले चित्र काढवून घेतले. आज ते व्हिएन्नात आहे, आणि त्यात दिसते ती एक टवटवीत तरुणी! तितियानने समोर ठेवले होते ते पंचवीस वर्षांपूर्वीचे दुसऱ्या एका चित्रकाराचे चित्र. आणि त्या चित्रकारानेही इझाबेल्लेला समोर न बसविता तिसऱ्याच एका चित्रावरून आपले काम उरकले होते. म्हणजे ही साक्ष ऐकीव गोष्टीवरून सांगितलेली आणखी एक ऐकीव गोष्ट. आमच्या कोर्टात असला पुरावा उभा राहत नाही. चित्र हाती आल्यावर, त्या वयात आपण खरोखरच एवढ्या सुंदर होतो की काय, अशी शंका तिने स्वतःच एका पत्रात बोलून दाखविली. या तिच्या प्रांजळपणापुढे चित्रातील खोटेपणा क्षम्य वाटतो.

कामासाठी जन्मलेली ही चित्रे बाजारात कशी आली? बहुधा राजघराण्यांच्या पडत्या काळात. इझाबेल्लेच्याच गोंझागा घराण्याचे वंशज कर्जात बुडाले आणि १६२७-२८ मध्ये त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमविलेला संग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. पूर्वजांचा ठेवा परक्याच्या घशात घातला, असे आपण सहज म्हणून जाऊ. परंतु काळाचा न्याय पाहा. अवघ्या दोन वर्षांनी, १६३० मध्ये, बादशाही सैन्याने मांतुआ शहर लुटले आणि राजवाड्यात जे उरले होते त्याची दाणादाण उडाली. जे विकले ते वाचले. जे अभिमानाने राखले त्याची लूट झाली.

विकत घेणाऱ्या चार्ल्सच्या पदरी तरी ते कोठे राहिले? १६४९ च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला आणि पार्लमेंटने ‘दिवंगत राजाच्या मालाची’ विक्री पुकारली. राजाचे देणेकरी पुष्कळ होते, रोकड तुटपुंजी होती. तेव्हा कित्येक धनकोंना पैशांऐवजी चित्रेच देण्यात आली. राजवाड्याचे नळ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला त्याच्या थकलेल्या बिलापोटी इटालियन चित्रकारांच्या कृती मिळाल्या! तितियानने काढलेले, शिकारी कुत्र्यासह उभ्या असलेल्या पाचव्या चार्ल्स बादशहाचे भव्य चित्र याच विक्रीतून स्पेनला परत गेले आणि आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ज्या बादशहाने १५३३ मध्ये तितियानला सरदारकी दिली, त्याचेच मुख सव्वाशे वर्षांच्या आत देण्याघेण्याच्या वहीत एक रक्कम होऊन बसले.

असाच एक दाखला इस्तंबूलचा आहे. सुलतान दुसरा मेहमद याच्या विनंतीवरून व्हेनिसने १४७९ मध्ये जेंतिले बेल्लिनी या आपल्या चित्रकाराला तिकडे पाठविले. १४८० हे साल घातलेले सुलतानाचे चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयात आहे. १४८१ मध्ये सुलतान वारला, आणि त्याच्या पुत्राने, म्हणजे बायझीदने, बापाच्या संग्रहातील चित्रे बाजारात विकून टाकली असे सांगतात. धर्मनिष्ठ पुत्राला प्रतिमा मान्य नव्हती. पुढे ५०० हून अधिक वर्षे लोटली. २०२० च्या जून महिन्यात लंडनमध्ये बेल्लिनीच्या परिवारातील एका चित्रकाराचे मानले जाणारे मेहमदाचे दुसरे एक चित्र लिलावास निघाले, तेव्हा ७ लाख ७० हजार पौंडांची बोली देऊन ते घेतले कोणी? इस्तंबूलच्या नगरपालिकेने! पुत्राने ज्याचा त्याग केला त्याच मुखासाठी नगराने खजिना उघडला. बापाचे मुख तेच होते. पाहणाऱ्याचे नाते तेवढे बदलले होते.

आता अलीकडच्या लिलावगृहांत येऊ. २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे फ्लॉरेन्सच्या बोत्तिचेल्लीने काढलेले एका तरुणाचे चित्र ९ कोटी २२ लाख डॉलरांना गेले. १९८२ मध्ये तेच चित्र ८ लाख १० हजार पौंडांना विकले गेले होते. हा तरुण कोण हे निश्चितपणे कोणालाही ठाऊक नाही. म्हणजे एवढी रक्कम मोजली गेली ती ज्याचे मुख आहे त्याच्या नावासाठी नव्हे, ज्याचा हात आहे त्याच्या नावासाठी. उलट, १९८९ मध्ये पोंतोर्मो या चित्रकाराचे एका भालाईत तरुणाचे चित्र ३ कोटी ५२ लाख डॉलरांना विकले गेले, तेव्हा ते फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोझिमो याचे म्हणून लिलावाच्या यादीत होते. आज ते लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयात आहे. आणि तो ड्यूक नसून फ्लॉरेन्स नगरीतला फ्रांचेस्को ग्वार्दी नामक साधा तरुण असावा, असे मत पुढे बळावले. चित्रातला एक केसही हलला नाही. तथापि राजपुत्र नागरिक झाला.

परंतु या साऱ्यांहून बोलका दाखला एका लहानशा चित्राचा आहे. कातड्याच्या कागदावर खडू व शाईने काढलेले, वीतभर रुंद आणि त्याहून थोडे उंच असे ते चित्र. एका मुलीचे बाजूने दिसणारे मुख, मिलानी दरबारी पद्धतीने जाळीत बांधलेला केशसंभार. १९९८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका लिलावात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे कोण्या जर्मन चित्रकाराचे काम म्हणून, ते २१,८५० डॉलरांना गेले. त्यानंतर मार्टिन केंप या ऑक्सफर्डच्या विद्वानाने २०१० मध्ये असे प्रतिपादन केले की हे लिओनार्दो दा विंचीचे काम असून ती मुलगी म्हणजे मिलानचा अधिपती लुदोविको स्फोर्झा याची अनौरस कन्या बियांका होय. बियांकाचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच, १४९६ मध्ये, ती चौदाएक वर्षांची पोर मरण पावली. या मताला अनेक जाणकारांनी ठाम विरोध केला आणि तो वाद आजही मिटलेला नाही. मात्र किमतीच्या गोष्टी दहा कोटी डॉलरांच्या पलीकडे जाऊन पोहोचल्या.

२०१५ मध्ये या वादात एक तिसराच साक्षीदार उभा राहिला. बनावट कलाकृतींसाठी २००७ मध्ये तुरुंगवास भोगलेल्या एका इंग्रज कारागिराने आपल्या आत्मवृत्तात लिहिले की हे चित्र आपणच १९७८ मध्ये काढले, आणि त्यातले मुख इंग्लंडातल्या एका दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीचे आहे! चित्र त्यापूर्वीच आपल्या घरी होते, असे आधीच्या मालकिणीचे म्हणणे. त्यामुळे या कबुलीवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. खरे काय ते असो. परंतु क्षणभर ही तिन्ही कथने शेजारी शेजारी ठेवून पाहा. तोच कागद, तीच रेषा, तीच झुकलेली पापणी. ही पोर ड्यूकची कन्या असेल आणि हात लिओनार्दोचा असेल, तर अब्जावधी रुपये. अनाम जर्मनाची कल्पना असेल, तर एका मोटारीची किंमत. आणि गल्ल्यावरची मुलगी असेल, तर काहीच नाही, उलट फौजदारी! मग एवढा वेळ आपण पाहत होतो ते काय? मुख की नाव?

या प्रकरणाला कायद्याचेही एक शेपूट आहे. चित्र स्वस्तात गेले म्हणून त्या मालकिणीने २०१० मध्ये लिलावगृहावर दावा लावला. चित्रासंबंधीची मागणी मुदतीबाहेर ठरून फेटाळली गेली. अपील कोर्टाने तो निर्णय कायम केला. मात्र लिलावापूर्वी काढून ठेवलेली चित्राची जुनी चौकट परत मिळण्याच्या मागणीपुरता दावा जिवंत ठेवला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. मुखाविषयी कायद्याला बोलता येईना. चौकटीविषयी मात्र आले. माझ्या यादीतले पाचशे रुपयेदेखील चौकटीचेच होते.

येथे पूर्वपक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. एका बाजूचे ऐकून निकाल देणे हा आमच्या व्यवसायात मोठा दोष. पूर्वपक्ष म्हणतो : ज्यांची ही मुखे ते मरून ४००-५०० वर्षे झाली. त्यांचे विवाह, तह, राज्ये सारे मातीला मिळाले. विक्रीने कोणाचे नुकसान होते? उलट किंमत आली म्हणूनच ही चित्रे जपली जातात. जे फुकट असते ते माळ्यावर कुजते. मांतुआची चित्रे विकली नसती तर त्यांतली कित्येक लुटारूंच्या हाती फाटली असती. बाजार हा निष्ठुर असेल, पण तो राखणदारही आहे. आणि नावाला किंमत येते यात गैर काय? आपणही हुंडीवरची सही पाहूनच पैसे मोजतो.

या युक्तिवादात पुष्कळ तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. विकणे हे पाप नव्हे. गरजू माणसाने बापाची तसबीर विकून मुलाचे शिक्षण केले तर बाप स्वर्गात रागावणार नाही. परंतु पूर्वपक्षाने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की किंमत केवळ जपणूक करते आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीला हात लावीत नाही. तसे होत नाही. किंमत कळली की दृष्टी बदलते. त्या लहानशा चित्रापुढे, दहा कोटींची म्हणून, जो मनुष्य तासभर तल्लीन होऊन उभा राहील, तोच उद्या ‘हे बनावट ठरले’ असे ऐकताच पाठ फिरवील. मग तो तासभर ज्याच्यापुढे नतमस्तक होता ती कला नव्हे आणि ते मुखही नव्हे. तो दहा कोटींपुढे उभा होता. दोष विक्रीत नाही. किमतीच्या आधाराने पाहणे आणि किमतीच्या अभावी न पाहणे, यात दोष आहे. आणि हा दोष चित्रांपुरता राहत नाही. गल्ल्यावरच्या मुलीकडे आपण पाहत नाही आणि ड्यूकच्या मुलीकडे पाहतो, हा संस्कार लिलावगृहात होत असेल, पण त्याचे आचरण रस्त्यावर होते.

या संदर्भात आपल्या दाराशी असलेला एक दाखला आठवतो. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या चित्रांची जी रांग आहे, ती वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. १५४७ मध्ये दों ज्युआंव द काश्त्रू याने ही चित्रमाला सुरू करविली. गाश्पार कोर्रैया या इतिवृत्तकाराने तिची देखरेख केली आणि रंगकाम एका स्थानिक चितारीकडून करवून घेतले. म्हणजे ज्या काळात तितियान सरदार होऊन बसला होता, त्याच काळात आमच्या भूमीतला एक हात दरबारी व्यक्तिचित्रे रंगवीत होता. फक्त त्या हाताचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे या चित्रांवर पुनःपुन्हा रंगांचे थर चढले. आज वर दिसणारे मुख आणि खालचे मुख एकच असेल असे नाही. ही चित्रे लिलावात निघाली नाहीत. तरीही त्यांच्यापुढे कोणी फूल ठेवीत नाही आणि डोळ्यांत पाणीही आणीत नाही. किंमत नसणे म्हणजे आपोआप मोल असणे नव्हे, हेही यावरून ध्यानात येते.

याच काश्त्रूची एक कथा मात्र आमच्या विषयाला फार जवळची आहे. १५४६ च्या दिवच्या वेढ्यानंतर तेथला पडलेला किल्ला उभारण्यास त्याच्यापाशी पैसा नव्हता. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पारदांवांचे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठविले. तारणाचा कायदा शिकलेला कोणीही मनुष्य हसेल. दाढीच्या केसांचा बाजारभाव शून्य; धनकोने ते विकून काय वसूल करावे? पण कर्ज मिळाले. राज्यकर्ता म्हणून त्याचे व त्याच्या लोकांचे या भूमीशी जे वर्तन झाले त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो विसरण्याचे कारण नाही. तथापि तारणापुरते बोलावयाचे तर, त्या केसांना किंमत नव्हती, मोल होते. आणि ते मोल दोन पक्षांतील विश्वासाचे होते.

त्याच शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळी, केळशी येथील देवता रातोरात नदीपार अंत्रुजेत नेल्या. जमिनी सुटल्या, घरे सुटली. जे विकून चार पैसे आले असते ते मागे राहिले आणि जे बाजारात कोणी घेतले नसते ते डोक्यावर घेऊन माणसे निघाली. त्या रात्री मूर्तीची किंमत कोणी विचारली नाही. आपल्या कायद्यानेही हा भेद पुढे ओळखला. देवता ही मालकीची वस्तू नसून स्वतःच हक्क धारण करणारी विधिव्यक्ती आहे, आणि तिला घरातल्या सामानसुमानाप्रमाणे इकडून तिकडे हलविता येणार नाही, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये बंगालमधील एका खटल्यात स्पष्ट केले.

तेव्हा तसबीर ही कोठे बसते? ती देव नव्हे. तिची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, आणि तिला देव मानू नये हेच बरे. पण ती खुर्चीही नव्हे. खुर्ची कोणाकडे पाहत नाही, तसबीर पाहते. कायद्यात या दोहोंमधली जागा नाही, म्हणून ती जागा आचरणाने निर्माण करावी लागते. माझ्या मते त्या जागेचे नाव आपल्या देवस्थानांनी आपल्याला केव्हाच देऊन ठेवले आहे. महाजन हा देवळाचा धनी नव्हे. तो राखणदार आहे, आणि पुढच्या पिढीच्या हाती ठेवा अखंड देण्यापुरताच त्याचा अधिकार. ज्याच्या हाती दुसऱ्याचे मुख आले, मग ते वारशाने येवो वा विकत येवो, तो त्या मुखाचा महाजन आहे. त्याने किंमत दिली ती ताब्याची दिली. मुखाची दिली नाही, कारण ते विकण्याचा अधिकार विकणाऱ्यापाशीही नव्हता.

हे केवळ कल्पनेतले बोलणे नव्हे, याला प्रमाण आहे. होल्बाइनने तीन तासांत पाहिलेल्या त्या क्रिस्तिनेचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. ते चित्र फिरत फिरत नॉरफोकच्या ड्यूकांच्या घराण्यात आले आणि लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयात उसने टांगलेले होते. १९०९ मध्ये ड्यूकने ते एका व्यापारी पेढीला ६१,००० पौंडांना विकले. पेढीने राष्ट्राला ७२,००० पौंडांत देऊ केले, नाहीतर ते देशाबाहेर जाणार हे ठरलेले. वर्गणी जमू लागली, पण मुदत संपत आली तरी रक्कम पुरी होईना. अगदी अखेरच्या क्षणी एका बाईने ४०,००० पौंड दिले आणि आपले नाव प्रकट करू नये अशी अट घातली. चित्र राहिले. आज कोणीही जाऊन ते विनामूल्य पाहू शकतो.

या गुप्तदानापाशी मी फार वेळ थांबलो. जो बाजार सर्वस्वी नावावर चालतो, त्या बाजारात एका स्त्रीने आपले नाव बाजूस ठेवले आणि एका मुखाला वाचविले. तिने दिलेली रक्कम किंमतच होती. पण ती देण्याच्या रीतीने तिचे मोल झाले. तिने चित्र घरी नेले नाही. तिने ते सर्वांसाठी सोडविले. महाजनकी म्हणतात ती हीच.

शेवटी पुन्हा त्या कज्ज्याकडे वळतो. पुढच्या तारखेआधी मी दोघा भावांना कचेरीत बोलाविले आणि आईचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला हळूच म्हणाला, “आमच्या कुळदेवाची पाळी आहे तशीच हिचीही ठेवूया. एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष भाऊकडे.” तडजोडीचा कागद मी लिहिला. तैलचित्राची बाब यादीतून वगळण्यात आली. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न होता. मी लिहिले, ‘किंमत करण्याजोगी नाही.’ कारकुनाने विचारले, “म्हणजे शून्य का?” मी म्हटले, “नव्हे. रकाना मोकळाच ठेवा.”

त्या माउलीला उत्तर मिळाले असे मी म्हणत नाही. परंतु त्या मोकळ्या रकान्याइतके खरे असे काही मी माझ्या वकिलीत क्वचितच लिहिले असेन.